हात दिला होता का?

परस्या,

तुह्या तेरवीले मी जेवलो नाही. पान वाढून झालं होतं, कुसुम वहिनी स्वतः वरण घेऊन आली होती, अन मी उठून हात धुतले. लोकाईले वाटलं, नत्थूले दुःखानं घास उतरत नाही. दुःख नोहतं बे, राग होता. भिलाईत रिसालीच्या तुह्या घरासमोरच्या मांडवात एकेक जण उभा राहून सांगून राहिला होता का परसराम मोठा शांत माणूस होता, कधी कोणाले उलटून बोलला नाही. शांत म्हणे! अकरा वर्षं तू शांत नोहता, गोठून बसला होता, अन त्या अख्ख्या मांडवात हे माहीत असलेले दोनच माणसं होते, एक तुही बायको अन दुसरा मी. ती भांडे आवरत होती. मी बाहेर येऊन स्कूटरवर बसलो अन तुले शिव्या दिल्या.

मराठी लिहायची सवय गेली. पोरं तर घरात पण हिंदीच झाडतात. म्हणून बोलतो तसं लिहून राहिलो, चुका काढू नको. तशी चुका काढायची तुले सवय होतीच कुठं, माहा राग तोच तर आहे. अन काही गोष्टी तुले माहीत असून परत लिहीन. हे कागद तुह्यापाशी पोचणार नाहीत, एक बाई वाचणार आहे, अन दुसरीले मी सांगणार आहे. त्याईले सगळं कळलं पायजे.

आपली ती सळ्यांची मिल. नाव लिहीत नाही, नाव घेतलं का तोंड आंबट होते. सोळा वर्षं तू वरती क्रेनच्या केबिनमंदी अन मी खाली फ्लोरवर. वरून खालचं ऐकू येत नाही, घसा फाडून बोंबललं तरी येत नाही. वरच्याले फक्त खालच्याचा हात दिसते. बोट वर केलं का उचल. तळहात खाली केला का उतरव. पंजा उघडून हात सरळ वर केला का थांब. यालेच आपण हात देणं म्हणत होतो. मी नवीन आलो तेव्हा तू मले म्हटलं होतं, "नत्थू, वर बसलो का मी आंधळा असतो. तुहा हात म्हणजे माहे डोळे." मले लय बरं वाटलं होतं. एवढा भरवसा माह्यावर माह्या बापानं ठेवला नोहता.

अन बिसाहू. इथलाच, छत्तीसगढी माणूस, आपल्याच वयाचा, दोन पोरीईचा बाप. लोडले, म्हणजे क्रेननं उचलायच्या मालाले, साखळी बांधायचं काम त्याचं. जेवायच्या सुट्टीत आपण पोळ्या खात होतो अन तो कांदा-मिरचीसोबत बासी. रात्रीचा भात पाण्यात घातलेला, तेच त्याचं जेवण. एवढ्या गरमीत तुमी पोळ्या खाता, तुमचं पोट आहे का भट्टी, असं दरवेळी विचारायचा. तू दरवेळी हसायचा. तुही एवढी मोठी हसी मी त्याच्यानंतर ऐकली नाही.

त्या दिवशी सळ्यांचा बंडल होता. कायदा काय, हे लहान लेकराले विचारलं तरी सांगीन. लोड जमिनीवरून वीतभर उठला का खालच्यानं थांबाचा हात द्यायचा. साखळी नीट बसली का ते पायचं, मगच पुढं न्यायचं. त्या दिवशी लोड वीतभरावर थांबला नाही. वर गेला, एका बाजूनं साखळी सरकली, अन सळ्या खाली आल्या. बिसाहू बाजूले होत होता. झाला नाही. जागच्या जागी गेला.

चौकशीत मले विचारलं. मी सांगतलं, मी थांबाचा हात दिला होता. तुले विचारलं. तू सांगतलं, मले हात दिसला नाही. एवढंच. नत्थू खोटं बोलते, असं तू म्हणू शकत होता. दिसला नाही म्हणजे दिलाच नसन, असं तरी म्हणू शकत होता. तू म्हटलं नाही. तू आपल्याच डोळ्याईवर शक घेतला अन क्रेन सोडून स्टोअरमंदी नट-बोल्ट मोजत बसला.

मग तुहे नाटकं सुरू झाले. नाटकंच म्हणत होतो मी त्याले. तू पंख्याखाली बसत नोहता. भिलाईच्या मे महिन्यात, जिथं लोकं पंख्याखालच्या जागेसाठी भांडतात, तिथं तू भिंतीले चिकटून घामानं ओला. माह्या पोरीच्या लग्नात तू आपली खुर्ची ओढत ओढत पार मांडवाच्या बाहेर, जनरेटरपाशी नेली, कावून का वर झुंबर लटकत होतं. मी व्याह्याईले हसत सांगतलं का आमच्या परस्याले झुंबराची नजर लागली. सगळे हसले. तू पण हसला. त्या हसण्याची आठवण आली का आज माहा राग येते, अन तुहाही येते. हसला कावून तू? एक थोबाडीत मारायची होती मले, सगळ्या व्याह्याईसमोर.

वहिनी सांगत होती, तू रात्री उठून घरातल्या लटकलेल्या वस्तू खाली काढून ठेवत होता. कपड्याची दोरी, कॅलेंडर, कंदील. सकाळी ती परत लटकवायची. तिनं धागे बांधले, लिंबू उतरवले, झोपेच्या गोळ्या आणल्या. शेवटी दुर्गच्या एका डॉक्टरनं मनाचा इलाज करणाऱ्या पद्मनाभपूरच्या एका मॅडमचा पत्ता दिला. अन तू गेला. मले न सांगता गेला.

मले जेव्हा समजलं का ती बाई तुह्या डोळ्यासमोर दोन बोटं इकडून तिकडं हलवते अन तू नुसते डोळे फिरवत बसते, तेव्हा मी कॅम्प-वनच्या चौकात, चार लोकांत तुही खिल्ली उडवली. मदारी भेटली म्हटलं परस्याले, आता डमरू पण वाजवन. तू चिडला नाही. तू चहाचा ग्लास खाली ठेवला अन मास्तरासारखा समजावत बसला. पयल्या काही बैठकीत तर बोटं हलवतच नाहीत म्हणे. आधी सगळं विचारतात, मग श्वास शिकवतात, मग मनातल्या मनात एक अशी जागा शोधायले लावतात का जिथं जीव थाऱ्यावर राहीन. त्यानंतर त्या वाईट दिवसातलं एक चित्र डोळ्यापुढं आणायचं अन त्याच वेळी नजर बोटामागं न्यायची. थोडा वेळ. मग थांबायचं, काय आलं ते दोन शब्दांत सांगायचं, परत. सगळं उकरून सांगा अशी जबरदस्ती नाही. अन दरवेळी विचारते, शून्य ते दहामंदी आता किती तरास होते.

"मग किती मार्क पडले?" मी विचारलं.

"पयल्या दिवशी दहा होते," तू म्हटलं. "आता सहा."

मी म्हटलं, म्हणजे नापास होऊन राहिला. अन तू खरोखर हसला.

एक गोष्ट तू मले नंतर एकट्याले सांगतली. पयल्यांदा मॅडमनं बोटं हलवली तेव्हा तुहा उजवा हात मांडीवर आपोआप हलायले लागला, केबिनमधल्या लिवरवर हलायचा तसा. बोटं डावीकडं गेली का हात डावीकडं. छाती भरून आली, घाम फुटला. समोरचा हात हलला का मागं मागं जायचं, हेच तर सोळा वर्षं शिकला होता तू. मॅडमच्या ध्यानात आलं अन तिनं बोटं खाली घेतली. मग ती तुह्या हातावर एक डावी एक उजवी अशी टिचकी मारत गेली, त्यानंही तेच काम होते म्हणे. लय दिवसांनी तिनं विचारून परत बोटं हलवली. या वेळी डोळेच गेले बोटामागं, हात मांडीवर तसाच पडून राहिला. हे सांगताना तुह्या डोळ्यांत पाणी होतं. मी विषय बदलला, गॅसच्या टाकीचं काहीतरी बोललो. हरामखोर मी.

अन तुही ती थाऱ्याची जागा कोणती निघाली, तर शिवनाथ नदीचा काठ. संक्रांतीनंतर आपण तिघं गेलतो तो दिवस. बिसाहूनं दगडाईच्या चुलीवर वांगे भाजले होते अन मी पाण्यात चप्पल वाहून घालवली होती. एवढ्या मोठ्या जिंदगीत तुले शांत वाटायले तीच जागा सापडली, अन त्या जागेत मी होतो. याच्यासाठी तुहे पाय धरायचे होते. राहून गेलं.

मग तो रविवार आला. तू माह्या घरी आला, अन आल्या आल्या पंख्याखालच्या खुर्चीत बसला. बसला म्हणजे सरळ जाऊन, वर न पायता, पाय लांब करून. माही बायको शेवंता पाण्याचा ग्लास घेऊन आली अन दारातच थबकली. बाईनं ग्लास तसाच धरला अन डोळ्याले पदर लावला. पंखा पण आमचा कसा, कुडकुड वाजणारा. तू वर पायलं अन म्हणते, "याले तेल दे बे जरा."

मी शेवंताले आत पाठवलं चहा करायले. अन तेव्हा तू ते विचारलं.

तू म्हटलं का तो दिवस आता पायला तरी अंगावर येत नाही. एवढी वर्षं तो लोड तसाच हवेत लटकून होता, आता खाली जमिनीवर ठेवला असं वाटते. पण इतक्या वेळा पायला, इतक्या वेळा, का एक गोष्ट दिसून राहिली. जिथं खाली फ्लोरवर माहा हात असायले पायजे होता, तिथं हात नाही.

माही तर पायाखालची जमीन सरकली. अन माह्यासारख्याची जमीन सरकली का तो काय करते? तो ओरडते. मी ओरडलो. ती मॅडम काय पोलीस आहे का, डोळे फिरवून खरं-खोटं काढते का, मले खोटा ठरवायले आला का माह्याच घरी. तू हात जोडले. तू म्हटलं, मॅडमनंच सांगतलं का आठवण म्हणजे फोटो नाही, ती बदलते, याच्यानं काय झालं ते ठरत नाही. ठरत नाही म्हणूनच तर तुले विचारायले आलो.

"नत्थू, हात दिला होता का?"

असं विचारलं तू. पोराले विचारावं का जेवला का, तसं.

मी म्हटलं, "दिला होता."

"बरं," तू म्हटलं. "मग मले दिसला नाही."

अन चहा पिला. दोन बिस्किटं खाल्ले. जाताना सांगतलं का मॅडमनं शेवटी विचारलं होतं, आता त्या दिवसाकडं पाहून स्वतःबद्दल काय म्हणावं वाटते. तू तिले सांगतलं, मले जेवढं दिसलं तेवढ्यावर मी चाललो. एवढं तुले आता खरं वाटते. मनापासून खरं. अन तू चप्पल घालून गेला.

परस्या, मी हात दिला नोहता.

मी खर्रा घोटत होतो. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून दोन्ही तळहातात घोटायचा. दोन्ही हात लागतात त्याले, तुले माहीत आहे, तूच मले म्हणायचा का या खर्र्यापायी एक दिवस तू मरशीन. मी नाही मेलो. लोड उठत होता अन माह्या मनात आलं, आणखी दोन वेळा घासतो अन मग हात देतो. दोन वेळा. एवढ्या वेळात लोड वीतभर झाला, हातभर झाला, अन मी मान वर केली तेव्हा बिसाहू साखळीकडं पाहून राहिला होता. तू वरून माह्याकडं पाहून राहिला होता. तुही काहीच चूक नोहती बे. तू आंधळा नोहता. तुले बरोबर दिसलं होतं.

आता तूच सांग, माहा राग कावून जाईन? तू दार लोटून विचारायचं होतं. गचांडी धरायची होती. माह्या बायकोसमोर म्हणायचं होतं, साल्या, तुह्यापायी मी अकरा वर्षं पंख्याखाली बसलो नाही. तू ओरडला असता तर मी पण ओरडलो असतो अन त्या ओरडण्यात खरं निघून गेलं असतं माह्या तोंडून. पण तू "बरं" म्हटलं. त्या "बरं"वर माहं तोंड शिवल्यासारखं झालं. मी ठरवलं होतं, पुढच्या रविवारी रिसालीले जाऊन सांगतो. मग त्याच्या पुढच्या. अन एक दिवस सकाळी तू कूलरमंदी पाणी भरता भरता खाली बसला अन उठलाच नाही. डॉक्टर म्हणे हृदय. मले कुणी डॉक्टरनं विचारलं नाही, नाहीतर मी सांगतलं असतं का या माणसाचं हृदय काही कमजोर नोहतं.

घाईच काय होती तुले? बरा झाला होता ना? सहा महिने झाले होते झोप लागायले लागून. वहिनीनं कंदील परत लटकवला होता. एवढे कष्ट करून माणूस बरा होते, अन मग सहा महिन्यांत चालला जाते? असा कोणता हिशेब झाला हा?

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वहिनी माह्या घरी आली. हातात मॅडमच्या दवाखान्याचं कार्ड. मागं तुह्या अक्षरात माहं नाव, अन तारीख, अन वेळ. वहिनी म्हणाली, जायच्या आठवडाभर आधी तू स्वतः जाऊन नंबर लावून आलता. तिनं तुले विचारलं होतं, नत्थूभाऊले काय झालं? तू तिले म्हटलं होतं, त्याचाही लोड लटकून आहे.

म्हणजे तुले माहीत होतं. "बरं" म्हटलं तेव्हाच माहीत होतं. माहीत असून दोन बिस्किटं खाल्ले तू.

गेलो मी. तुह्यावर चिडून गेलो, कार्ड खिशात चुरगळून. मॅडम म्हणजे पोरगीच आहे, माह्या पोरीएवढी. आत जाऊन तिले पयलं हेच विचारलं का परसराम तुमाले माह्याबद्दल काय काय बोलला. ती म्हणाली, ते मी नाही सांगणार, अन तुमी जे सांगाल ते पण कोणाले सांगणार नाही. मग म्हणाली, आज काहीच करायचं नाही, फक्त पद्धत समजून घ्या. कोणत्या अंतरावर बोटं ठेवली तर डोळ्याले बरं वाटते, कितीक जोरात हलवायची, एवढंच. अन सगळ्यात आधी एक गोष्ट शिकायची. मधात केव्हाही नको वाटलं तर थांबवायची खूण.

"जब भी रुकना हो, बस हाथ उठा देना," ती म्हणाली. "मैं वहीं रुक जाऊँगी. एक बार करके देखते हैं."

अन तिनं बोटं हलवायले सुरुवात केली. डावीकडं, उजवीकडं. मी जिंदगीभर हात दाखवला, कोणाच्या हातामागं मी कधी गेलो नाही. कसं असते ते पयल्यांदा समजलं मले. समोरचा हात हलते अन तुम्ही त्याच्या भरवशावर असता. सोळा वर्षं तू असा बसत होता, वरती, एकटा. बोटं जात होती, येत होती, अन माहे दोन्ही हात मांडीवर होते. रिकामे होते बे. काहीच नोहतं त्यात. तरी उठत नोहते. मॅडम बोटं हलवत माह्या हाताची वाट पायत राहिली. घाम आला मले. मानेपासून पाठीपर्यंत.

उद्या सकाळी हे कागद वहिनीकडं देतो. मग तिले घेऊन बिसाहूच्या गावले जातो. त्याची बायको मराठी समजत नाही, तिले मी छत्तीसगढीत तोंडानंच सांगीन, कागदामागं लपणार नाही. पुढं काय होईन ते होईन. मॅडमकडं मंगळवारी परत बोलावलं आहे, तिथं पण जाणार आहे. तुह्यासाठी नाही. मले झोप पायजे.

पण मॅडमकडच्या त्या दिवसाचं तुले सांगायचं राहिलं. हात उठला, परस्या. लय वेळानं, पण उठला. पंजा उघडून, सरळ वर, आपल्या मिलमंदी द्यायचो तसाच. अन ती पोरगी थांबली. तिथंच, बोटं हवेत ठेवून, वीतभरही पुढं नाही.

तू पण थांबला असता. मी हात वर केला असता, तर तू पण तिथंच थांबला असता.